काळ्या कापडासमोरच्या खुर्च्या

कुठेही बसायची जागा निवडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं. विमानात, दवाखान्यात, मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला. मी आधी जाऊन बघून येते. खांब कुठे आहे, लाउडस्पीकर कुणाच्या कानाशी आहे, मध्येच उठायचं झालं तर कितीजणांचे गुडघे ओलांडावे लागतील, हे सगळं मला आधी माहीत लागतं. "ही स्वर्गात गेली तरी आधी खुर्ची हलवून बघेल," असं हे पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे हसायचे.

मग यांची नजर कमी व्हायला लागली आणि ती चेष्टा आपोआप बंद झाली.

यांच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेने सुकत चालला आहे. मधलं दिसतं, बाजूचं नाही. जेवताना ताटातली भाजी दिसते, ताटाशेजारचं पाणी दिसत नाही. काही शोधायचं तर नुसते डोळे फिरवून भागत नाही, अख्खी मान वळवावी लागते, कबुतरासारखी. इथे आखातात, सलमाबादच्या एका गोदामात हे स्टोअर सांभाळतात. गाडी चालवणं सोडल्यापासून अरादच्या आमच्या घरून त्यांना सोडायला आणि आणायला मी जाते. गेल्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मधला भाग अजून चांगला आहे. तो किती दिवस राहील हे मी सांगू शकत नाही." मला अशी उत्तरं आवडत नाहीत. मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, त्यांनी तीनदा तेच सांगितलं.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "एकदा खराखुरा चेंडू बॅटवर बसलेला बघायचाय. स्टेडियममध्ये बसून. टीव्हीवर नको."

हे देवरुखकडचे. भात कापून झालं की शेतातच खेळपट्टी करून तिथे सामने व्हायचे, त्यात हे पहिले उतरायचे. इथे आल्यावर शुक्रवारच्या सामन्यांना जायचे. पण इथलं आमच्या लोकांचं क्रिकेट म्हणजे धुळीचं मैदान आणि सीमेवर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. चेंडू चारी बाजूंना पळतो. गेल्या वर्षी यांना तिथे काहीच सापडेना. टाळ्या पडल्या की हे टाळ्या वाजवायचे. ते बघून मीच जाणं बंद केलं.

आणि मग कळलं की इथल्या एका फुटबॉल स्टेडियमवर बेसबॉलचा सामना होणार आहे. बाहेरचे दोन व्यावसायिक संघ येणार, प्रदर्शनाचा एकच खेळ. बेसबॉलमधलं आम्हाला दोघांनाही काही कळत नव्हतं. पण चेंडू होता, बॅट होती, नंबर घातलेल्या खुर्च्या होत्या. शिवाय मी मोबाइलवर थोडं बघून घेतलं तर त्यात पळापळ कमी आणि एकाच रेषेत फेकाफेकी जास्त. टाकणारा टाकतो, मारणारा उभा असतो, पकडणारा मागे बसलेला असतो. एका रेषेतला खेळ. यांच्या उरलेल्या नजरेला अगदी बेतून दिल्यासारखा.

"आई, इट्स जस्ट अ सीट," आमची लेक म्हणाली. मी स्टेडियमचा नकाशा टेबलावर पसरून बसले होते.

"तुझ्यासाठी. बाबांसाठी नाही."

क्रिकेट बघून वाढलेल्या माणसाला चांगली जागा कुठली ते वेगळं सांगावं लागत नाही. गोलंदाजाच्या हाताच्या मागे, थेट. तिथून चेंडू आपल्यापासून सरळ लांब जाताना दिसतो, मान वळवावी लागत नाही. मी त्याच हिशेबाने टाकणाऱ्याच्या बरोब्बर मागचा, मैदानाच्या पलीकडचा मधला ब्लॉक निवडला. वेबसाइटवर तो राखाडी रंगाचा होता, विक्रीला नव्हता. मला वाटलं, सगळ्यात चांगली जागा आहे म्हणजे कुणा बड्या लोकांसाठी राखून ठेवली असणार. इथे असं असतंच.

माझी वसईची एक मैत्रीण हॉटेलात कामाला आहे. सामन्याच्या खाण्यापिण्याचं काम तिच्या हॉटेलकडे होतं. मी तिला फोन लावला. "तुझी काही ओळख चालते का बघ. त्या ब्लॉकमध्ये मला दोन खुर्च्या हव्यात."

"अगं, तो ब्लॉक बंद आहे असं ऐकलंय."

"का बंद?"

"ते नाही माहीत. उद्या दुपारी मी सामान बघायला चाललेय. चल माझ्याबरोबर, स्वतःच बघ. तुझं तसंही बघितल्याशिवाय समाधान होत नाही."

मी जाताना स्वयंपाकघरातल्या फॉइलची पुठ्ठ्याची नळी पर्समध्ये टाकली. फॉइल संपलं नव्हतं, ते उलगडून बशीला गुंडाळून ठेवलं. एक डोळा मिटून दुसऱ्याला ती नळी लावली की यांना जेवढं दिसतं साधारण तेवढंच दिसतं. हा प्रयोग मी घरी करून बघितला होता, हे झोपल्यावर. यांना सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. स्टेडियमभर बारीक पिवळी धूळ बसली होती. खाली मैदानावर चुन्याच्या रेषा आखणं चाललं होतं. एका टोकाला खांब उभे करून उंच जाळी बांधत होते. मैत्रीण तिच्या कामाला गेली आणि मी एकटी पायऱ्या चढून त्या मधल्या ब्लॉकमध्ये गेले. रांगेच्या मध्यावर एक खुर्ची पुसली, बसले आणि नळी डोळ्याला लावली.

नळीतून एक वाटोळं एवढंच दिसत होतं. मारणारा जिथे उभा राहतो ती जमिनीतली पांढरी प्लेट, जाळी, तिथे वाकलेला एक कामगार. बाकी स्टेडियम नव्हतंच. आणि आवाज मात्र सगळीकडून यायला लागले. लांबच्या त्या कामगाराने नाक शिंकरलं ते माझ्या कानाशी आल्यासारखं वाटलं. माझ्या डाव्या हाताला कुणीतरी येऊन बसलं आहे असं मला इतकं स्पष्ट वाटलं, की मी पर्स उचलून मांडीवर घेतली. मग नळी काढली. रांग रिकामी होती.

हे रोज असं बसतात, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

उठल्यावर मला ते दिसलं. सगळ्या खुर्च्यांवर धूळ होती, पण त्या ब्लॉकमधल्या काही खुर्च्या स्वच्छ होत्या. मी पुसलेली सोडून. एक इथे, दोन रांगा वर एक तिथे, एक अगदी कोपऱ्यात. एकमेकांशेजारच्या नाहीत. एकेकटी आलेली माणसं थोडा वेळ बसून उठून गेली असावीत, तशा.

खालून एक मुकादम वर येत होता. माझा चेहरा बघून हिंदीत बोलायला लागला आणि माझं पहिलं वाक्य ऐकून मराठीवर आला. साताऱ्याकडचा होता.

"ताई, हितं न्हाई बसायचं कुनी. ह्यो समदा भाग काळ्या कापडानं झाकायचाय."

"झाकायचाय? सगळ्यात चांगली जागा आहे ही."

"मला बी तसंच वाटलं वो. पर सायब म्हनतोय, बॅटवाल्याला समोर निस्तं काळं दिसाया पायजे. हितं मानसं बसली, की त्या मानसांत चेंडू हरवतो म्हनं."

मी कपाळावर हात मारला. क्रिकेटच्या मैदानात फलंदाजासमोर साइटस्क्रीन असतो, त्याच्याजवळ कुणी हललं की अख्खा खेळ थांबतो, हे मला लहानपणापासून माहीत. आणि मी नेमका त्याच पडद्याच्या जागी आमच्या दोन खुर्च्या मागत होते.

"या खुर्च्यांवर कोण बसलं होतं?" मी विचारलं.

त्याने बघितलं. "आमची मानसं न्हाईत. आमी खाली सावलीत जेवतो. हितं ऊन किती लागतंय." मग तोही त्या स्वच्छ खुर्च्यांकडे जरा वेळ बघत राहिला. "वाऱ्यानं झालं आसंल," असं म्हणून खाली गेला. कापड ओढायला पोरांना पाठवतो असं बोलला होता, पण मी असेपर्यंत कुणी वर आलं नाही.

मी समोरच्या टोकाला गेले, जाळीच्या मागे. तिथून हिशेब उलटा मांडला. इथे टाकणारा आपल्याकडे तोंड करून उभा राहणार, चेंडू सरळ आपल्या दिशेने येणार आणि त्याच्यामागे ते काळं कापड असणार. मारणाऱ्यासाठी केलेली सोय फुकटात यांनाही मिळणार होती. अगदी खालच्या रांगेत पंचाची पाठ मध्ये येते. फार वर जाळीच्या वरचा दोर मध्ये येतो. मधल्या एका रांगेत नळी लावून बघितलं तर लांब नजर टाकली की जाळी नाहीशी होत होती. डावीकडे पायऱ्या, पायऱ्यांना कठडा. दुपारचं ऊन पाठीमागून. तिथल्या दोन खुर्च्यांचे नंबर मी लिहून घेतले आणि मैत्रिणीने ती तिकिटं मिळवून दिली.

सामन्याच्या दिवशी थंडीतली छान हवा होती. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी गर्दीच्या बरीच आधी नेऊन बसवलं, यांचा डावा हात कठड्यावर ठेवून कठडा दाखवला, पाण्याची बाटली उजव्या मांडीला टेकवून ठेवली. समोर मैदानापलीकडे तो ब्लॉक आता काळा होता, खालपासून वरपर्यंत ताणून बांधलेला. ऊन असूनही तिथे संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं.

ऊन उतरल्यावर खेळ सुरू झाला. पहिले काही चेंडू यांना सापडले नाहीत. मान पुढे काढून बसले होते. मी स्वतःचीच बोटं दाबत होते.

"अगं!" हे एकदम म्हणाले. "दिसला!"

"खरंच?"

"हातातून सुटला तिथपासून पकडणाऱ्याच्या ग्लव्हजपर्यंत. सगळा दिसला. पांढराशुभ्र." मग बॅटचा खणखणीत आवाज आला आणि चेंडू टाकणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. यांनी माझ्या गुडघ्यावर एवढ्या जोरात थाप मारली की पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. "बसला! बॅटवर बसलेला बघितला मी! काय जागा काढलीस!"

मला माझ्या कामाची इतकी शाबासकी आयुष्यात मिळाली नव्हती. मी चहा आणायला उठणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, "पण तू तर म्हणाली होतीस समोर कुणाला बसू देत नाहीत."

"नाहीच देत."

"मग ती माणसं?"

"कुठली?"

"त्या काळ्यावर बसलेली. थोडीच आहेत, पण आहेत की."

दिवे लागले होते. मी काळ्या ब्लॉककडे बघितलं. कापड वाऱ्याने किंचित फुगत होतं आणि बसत होतं. तिथे एकही माणूस नव्हता. बसायला खुर्च्याही उरल्या नव्हत्या.

"तिथे कुणी नाही हो," मी म्हणाले.

 हे मैदानाकडेच तोंड ठेवून, साध्या आवाजात, वीजबिलाचं सांगावं तसं सांगायला लागले. बरेच महिने झाले, यांना माणसं दिसतात. गोदामाच्या रॅकजवळ, आपल्या स्वयंपाकघराच्या दारात. नीटनेटके कपडे, बोलत नाहीत, यांच्याकडे बघत नाहीत. "डॉक्टरणीला विचारलं मी, तू गाडी लावायला गेली होतीस तेव्हा. ती म्हणाली, वेड वगैरे काही नाही. जिथलं दिसायचं बंद होतं, तिथे मेंदू आपली चित्रं भरतो. खूप जणांना होतं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तू लगेच यादी केली असतीस. कोण, कुठे, कुठल्या रंगाचा शर्ट."

मला हसू आलं नाही. कारण मला त्याच वेळी दुसरी गोष्ट कळली होती. "अहो, पण तिने काय सांगितलं? जिथलं दिसायचं बंद होतं, तिथे."

"हो."

"ही मधोमध आहेत."

"हो," हे म्हणाले. "तेच बघतोय मी. आजवर कधी मध्ये आली नव्हती. कायम कडेला असायची."

पुढचा चेंडू पडला, मारणारा हुकला, लोक ओरडले. मी विचारलं, "चेंडू दिसतोय ना अजून?"

"दिसतोय. ती आड येत नाहीत. तीही चेंडूच बघतायत."

"कशी बसली आहेत?" हे मी विचारायला नको होतं.

"लांब लांब. कुणी कुणाच्या शेजारी नाही. एक इथे, दोन-तीन रांगा वर एक तिथे. एक अगदी कोपऱ्यात." हे बोटाने दाखवत होते. मला त्या बोटाच्या टोकाला धूळ नसलेल्या खुर्च्या दिसत होत्या. त्यांच्याबद्दल मी घरी एक अक्षर बोलले नव्हते. आजही यांना ते माहीत नाही.

मी काय करावं ते मला सुचेना, हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. घरी जाऊ या म्हणाले असते तर यांचा चेंडू गेला असता. मी शेवटी एवढंच म्हणाले, "चहा नको मग. मी इथेच बसते."

थोड्या वेळाने मारणाऱ्याने बॅट जोरात फिरवली आणि चेंडू सरळ वर गेला. पुढे नाही, मागे. दिव्यांच्या झोतात तो कुणालाच दिसेनासा झाला. सगळे वर बघत हात डोळ्यांवर धरून उभे राहिले. मीही उभी राहिले. यांनी वर बघितलंच नाही. हे समोर बघत होते, काळ्या कापडाकडे.

"सगळी आपल्याकडे बघतायत," हे म्हणाले. "आपल्या डोक्यावर."

आणि माझं मनगट धरून यांनी मला हिसडा दिला. मी पायरीवर कठड्यापाशी आपटले. जाळीवरून आलेला चेंडू माझ्या खुर्चीवर पडला. प्लास्टिकला पाठीपासून बुडापर्यंत तडा गेला.

आजूबाजूला एकच गलका झाला. स्टेडियमचा माणूस धावत आला, कुठे लागलं का विचारलं, वरच्या बाजूला दुसऱ्या दोन चांगल्या खुर्च्या आहेत, यल्ला, चला म्हणाला. मागचा एक मल्याळी गृहस्थ यांना म्हणाला, "भाईसाब, क्या नजर है आपकी!"

"इथेच बसतो," हे त्या माणसाला म्हणाले. मग मला, "बस माझ्या या बाजूला. पायरीवर बसलीस तरी चालेल."

मी पायरीवर बसले.  हे मात्र रंगात आले होते. प्रत्येक चेंडूला सांगायला लागले. हुकला. लागला. उजवीकडे गेला, उंच. आता जमिनीलगत, डावीकडे. सगळं बरोबर. मागचा गृहस्थ प्रत्येक वेळी वाहवा करत होता. खेळ न कळणाऱ्या आम्हा दोघांनी असा सामना बघितला की कुणाला वाटावं आम्ही जन्मभर हेच बघत आलो.

मला मात्र यांची मान दिसत होती. चेंडू डावीकडे गेला, अख्खं स्टेडियम डावीकडे वळलं, आणि यांची मान जागची हलली नाही. शेजारचं पाणी शोधायला जिला अर्धा फेरा घ्यावा लागतो, ती मान सरळ, स्थिर, काळ्या कापडाकडे. मी दोन-तीन चेंडू बघत राहिले आणि मग विचारलं.

"डावीकडे गेला हे कसं कळलं?"

"ती वळली ना तिकडे."

"आणि चेंडू?"

 हे बाटली चाचपून पाणी प्यायले.

"चेंडू मघाशीच दिसेनासा झाला, अगं," हे म्हणाले. "तुझी खुर्ची फुटली त्याच्याही थोडा आधी. मध्ये आता नुसती तीच आहेत." आणि मी उठायला लागले तसा यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "शेवटपर्यंत बसू. एक चेंडू बॅटवर बसलेला नीट बघितलाय मी. तो कुठे जात नाही. बस."

आम्ही शेवटपर्यंत बसलो. हे सांगत राहिले, मी ऐकत राहिले. मी चेंडूकडे बघणं सोडून दिलं होतं.

सामना संपल्यावर गर्दी उतरून पायऱ्या मोकळ्या होईपर्यंत आम्ही थांबलो, तो माझा नेहमीचा नियम. पलीकडच्या बाजूचे दिवे एकेक करून बंद व्हायला लागले. मी पाण्याची बाटली पर्समध्ये घातली आणि म्हटलं, "चला."

हे उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला. मग मैदानापलीकडे तोंड करून, लग्नघरातून निघताना यजमानांना म्हणावं तसं, जरा मोठ्याने म्हणाले, "बरं, येतो हं."

मी यांचा हात धरून पायरीवर तशीच थांबले. समोर कापड हलत होतं. यांना तिकडून काय दिसलं ते मी विचारलं नाही, पण हे कुणाला तरी ओळख दिल्यासारखे हसले आणि मान हलवली. मग मीही पर्स काखेत धरून दोन्ही हात जोडले, आणि यांना म्हणाले, "पुढे पायरी आहे. उतरती."